वायफायचा पासवर्ड आणि घरात येऊन गेलेली तीन माणसं

आमच्या इमारतीच्या जिन्यात उभं राहून फोनवर वायफायची यादी उघडली, की कुठल्या घरात कोण राहतं ते दारावरची पाटी न वाचता कळतं. कोणी आडनावाला फ्लॅट नंबर जोडलाय, कोणाचं 'श्री स्वामी समर्थ', कोणाचं 'पासवर्ड मागू नये'. तळमजल्यावरच्या पोरांनी 'पोलीस व्हॅन ३' असं नाव ठेवून मध्यंतरी वॉचमनची झोप उडवली होती. उरलेल्या घरांची नावं नेट जोडून देणाऱ्या कंपनीने दिली तशीच आहेत, पुढे चार आकडे आणि दोन अक्षरं. मला काळजी या उरलेल्यांची वाटते. ज्या घराने नावसुद्धा बदललेलं नाही, त्या घराने बाकीचंही काही बदललेलं नसतं.

मी नेरूळला कॉम्प्युटरचे क्लास घेते. क्लास छोटा, पण वर्षं बरीच झाली. त्यामुळे सेक्टरमधल्या निम्म्या घरांत माझा एखादा तरी विद्यार्थी निघतो आणि 'मॅडम, नेट स्लो झालंय, कोणी चोरून वापरतंय का बघता?' असा फोन आठवड्यातून एकदा तरी येतो. मी जाते. चहा होतो. मग मी राउटर बघते.

लोकांच्या डोळ्यांसमोर चोर म्हणजे अंधाऱ्या खोलीत टोपीचा कोट घालून बसलेला कोणी परदेशी मुलगा असतो. तसे असतीलही. पण मी बघितलेल्या घरांत पहिली फट त्याने पाडलेली नव्हती. ती पाडली होती रीतसर बेल वाजवून आत आलेल्या तीन माणसांनी: नेटवाला, कॅमेरावाला आणि कॉम्प्युटरवाला. तिघंही भली माणसं. तिघंही आपापल्या सोयीचा एकेक पासवर्ड ठेवून पुढच्या घरी गेले. घर आपलं, किल्ल्या त्यांच्या हिशोबाच्या.

आमच्या नवी मुंबईला हा विषय नवा नाही, म्हणून आधी तेच सांगते. २६ जुलै २००८ ला संध्याकाळी अहमदाबादेत एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. पहिल्या स्फोटाच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीची मेल गेली होती. तिचा माग काढत पोलीस पोचले ते सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये, नेरूळपासून दोन स्टेशनांवर. तिथे एक अमेरिकन गृहस्थ भाड्याने राहत होते. त्यांचे कॉम्प्युटर जप्त झाले, चौकशीच्या फेऱ्या झाल्या, नाव देशभरच्या पेपरांत आलं. शेवटी निघालं काय, तर त्यांचं वायफाय उघडं होतं आणि त्याला जोडून घेऊन भलत्याच माणसाने ती मेल पाठवली होती. पुढच्या महिन्यात तशीच एक मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेली. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले तेव्हाची मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी जाहीर केलं, की उघडी वायफाय शोधायला आमची माणसं रस्त्यावर फिरतील. फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना सुरक्षित वायफायबद्दल सूचना काढल्या.

त्या वर्षी सेक्टरमध्ये जो तो 'माझ्या वायफायला कुलूप आहे का?' विचारत होता. आयपी पत्ता (मेल कुठल्या नेट-जोडणीवरून गेली ते सांगणारा आकडी पत्ता) घराचा असतो, माणसाचा नसतो, हे त्या एका बातमीने लोकांना जितकं समजलं तितकं माझ्या कुठल्याही तासाला समजलं नसतं.

गंमत अशी, की त्या घाईत लोकांनी लावलेली बरीचशी कुलपं 'वेप' जातीची होती, कारण तेव्हाच्या राउटरांत तोच पर्याय वर असायचा. वेप ही वायफाय कुलूपबंद करायची १९९७ ची पद्धत. तिच्यातलं गणितच कच्चं आहे हे २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी दाखवलं होतं, आणि २००७ मध्ये जर्मनीत डार्मस्टाटच्या संशोधकांनी ते एका मिनिटाच्या आत फोडून दाखवलं. पासवर्ड कितीही अवघड ठेवा, फरक शून्य. आता वेप दिसत नाही म्हटलं तरी चालेल. तिच्यानंतरच्या पद्धतींत डब्ल्यूपीए२ २००४ पासून आहे, डब्ल्यूपीए३ २०१८ पासून. राउटरच्या पानावर 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड' असेल तर ते निवडा. नुसतं ३ निवडलंत तर जुना प्रिंटर रुसतो. 'टीकेआयपी' हा शब्द दिसला तर तो काढून 'एईएस' ठेवा. एवढंच. यावर जास्त वेळ घालवू नका, कारण आजकालची घरं इथे पडत नाहीत.

पडतात ती पासवर्डवर.

नेटवाला मुलगा येतो, भिंतीला भोक पाडतो, फायबर आत ओढतो, डबा लावतो, दिवे हिरवे झाले की विचारतो, 'काकू, पासवर्ड काय ठेवू?' काकू म्हणतात, 'ठेव रे तुला काय ठेवायचा तो.' मग तो काकूंचा मोबाईल नंबर ठेवतो. मी एकाला विचारलंसुद्धा.

'अरे, सगळ्यांचा मोबाईल नंबरच का ठेवतोस?'

'मॅडम, दुसरं काही ठेवलं की रात्री दहाला फोन येतो, पासवर्ड काय होता म्हणून.'

त्याचं चूक नाही. पण जरा हिशोब करून बघू. तुमचा फोन वायफायला जोडला जातो तेव्हा फोन आणि राउटर यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. पासवर्ड त्यात उघडा नसतो, पण अंदाज बरोबर की चूक हे ताडून बघण्याइतका मजकूर असतो. हे निरोप हवेतून जातात, म्हणजे शेजारच्या फ्लॅटमधला कोणीही ते टिपू शकतो. एकदा टिपले की त्याला तुमच्या आसपास थांबायची गरज नाही. आपल्या घरी निवांत बसून अंदाज लावायचे. हे काम जड जावं म्हणून डब्ल्यूपीए२ प्रत्येक अंदाजामागे तेच गणित ४,०९६ वेळा करायला लावतं. तरीही गेम खेळण्यासाठीचं वरच्या दर्जाचं एकच ग्राफिक्स कार्ड सेकंदाला वीस-पंचवीस लाख अंदाज तपासतं. आपला मोबाईल नंबर दहा आकडी, पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ४०० कोटी भागिले २५ लाख म्हणजे १,६०० सेकंद. अख्ख्या भारतातले सगळे शक्य मोबाईल नंबर तपासायला अर्धा तास पुरतो.

आणि तेवढाही त्रास कोणी कशाला घेईल? तुमचा नंबर गेटवरच्या रजिस्टरमध्ये आहे, पार्सलच्या खोक्यावर आहे, सोसायटीच्या ग्रुपवर आहे.

नावापुढे '@१२३' हा दुसरा लोकप्रिय प्रकार. त्याबद्दल काही बोलत नाही.

माझा उपाय घरगुती आहे. मराठी शब्दकोश घ्या, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा, येईल तो शब्द लिहा. असं पाच वेळा. समजा आलं ओसरी, गुळवेल, पितळ, चकवा, तिफण. हे रोमन अक्षरांत, मध्ये आडव्या रेघा देऊन टाकायचं. यात हुशारी करायची नाही, 'हा शब्द नको, तो छान आहे' असं तर अजिबात नाही. माणूस निवडायला लागला की सगळे देवाची, मुलांची आणि गावाची नावं निवडतात. आरतीची ओळही घेऊ नका, ती सगळ्या गावाला पाठ आहे. नेहमीच्या वापरातल्या दोनच हजार शब्दांतून चिठ्ठी टाकून पाच उचलले असं धरलं, तरी शक्यता होतात ३२ वर पंधरा शून्यं. चोराला आपली शब्दांची यादी जशीच्या तशी दिली, तरी वरच्याच कार्डाला त्या सगळ्या तपासायला चारशे वर्षं लागतील. चार शब्दांवर थांबलात तर अडीच महिने. एका शब्दाने एवढा फरक पडतो, म्हणून कंटाळा करू नका. डब्ल्यूपीए२ ला ६३ अक्षरांपर्यंत चालतं, पाच शब्द आरामात बसतात.

आणि तो कागदावर लिहून कपाटात ठेवा. हो, कागदावर. 'पासवर्ड कधी लिहू नये' ही शिकवण ऑफिसातल्या टेबलांसाठी होती. वायफायवरून येणाऱ्याला तुमच्या गोदरेजच्या कपाटात हात घालता येत नाही. लिहिलं नाही, तर 'गुळवेल'च्या स्पेलिंगमध्ये व्ही होता की डब्ल्यू यावरून घरात भांडण होईल आणि सगळे परत मोबाईल नंबरावर येतील.

राउटरला मागे एक बटण असतं, 'डब्ल्यूपीएस'. दाबा आणि जोडा, पासवर्ड नको, अशी सोय. बटणाबरोबर आठ आकडी पिनचीही सोय असते, आणि डिसेंबर २०११ मध्ये स्टेफान फीबॉक या संशोधकाने तिची गोम बाहेर काढली. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो: पहिले चार बरोबर आहेत का ते आधीच सांगून मोकळा होतो. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, अकरा हजार प्रयत्नांत काम फत्ते. तुमचा पाच शब्दांचा पासवर्ड समोर तसाच आणि माणूस मागून आत. नंतरच्या राउटरांत चुकीच्या प्रयत्नांनंतर थांबायला लावतात, पण मी ते सरळ बंद करते. त्या बटणावाचून कोणाचं काही अडल्याचं बघितलेलं नाही.

आता ज्याची लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते ते. राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायला जोडून घ्यायचा, दुसरा राउटरच्या स्वतःच्या पानात शिरायचा. पहिला घरातल्या सगळ्यांना माहीत असतो, दुसरा घरातल्या कोणालाच माहीत नसतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, की बहुतेक राउटरांचं पान उघडतं (काहींचा पत्ता वेगळा असतो, डब्याखालच्या चिकटपट्टीवर लिहिलेला). तिथे नाव 'ॲडमिन' आणि पासवर्ड 'ॲडमिन' टाकून मी किती घरांत सरळ आत गेलेय ते सांगत नाही, लोकांना वाईट वाटतं.

'पण तिथे कोणी गेलं तर काय बिघडतं? नेट वापरेल फार तर.' हा प्रश्न नेहमीचा. बिघडतं ते असं. तुम्ही बँकेच्या साइटचं नाव टाइप करता, त्या नावावरून खरा आकडी पत्ता शोधायचं काम डीएनएस नावाची यंत्रणा करते, आणि कुठल्या डीएनएसला विचारायचं हे राउटर सगळ्या घराला सांगतो. राउटरच्या पानात तेवढी एक ओळ बदलली, की घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप चोराला पत्ता विचारायला लागतात. 'डीएनएस चेंजर' नावाच्या व्हायरसने काही वर्षं हाच धंदा केला. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने त्या टोळीला पकडलं, तेव्हा चोरांचे सर्व्हर लगेच बंद करता येईनात, कारण जगभरातली लाखो यंत्रं पत्ते त्यांनाच विचारत होती. कोर्टाच्या परवानगीने त्या जागी चांगले सर्व्हर चालवावे लागले, थेट ९ जुलै २०१२ पर्यंत.

तेव्हा हा दुसरा पासवर्ड बदला. 'रिमोट मॅनेजमेंट' (बाहेरून राउटर हाताळायची सोय) दिसलं तर बंद. फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट असेल तर घ्या. कधी कधी नेटवाला म्हणतो, 'मॅडम, ॲडमिनचा पासवर्ड कंपनी देत नाही.' अशा घरांना मी दोनेक हजारांचा स्वतःचा राउटर घ्यायला लावते, कंपनीच्या डब्याला वायरने जोडून त्या डब्याचं वायफाय बंद करायचं. आपल्या घरात लावलेल्या वस्तूचा पासवर्ड आपल्याकडे नसावा, हे मला पटत नाही. वाद घालायचा तर घाला.

दोन गोष्टी मात्र करत बसू नका. एक, वायफायचं नाव लपवणं. चोराच्या साधनांना ते दिसतंच, उलट तुमचा फोन बाहेर गेल्यावर 'अमुक आहेस का, तमुक आहेस का' असं ते नाव पुकारत फिरतो. दुसरी, मॅक पत्त्यांची (म्हणजे प्रत्येक यंत्राच्या वायफायच्या ओळख क्रमांकांची) यादी करून 'एवढ्यांनाच आत घे' असं सांगणं. तो पत्ता हवेतून वाचता येतो आणि त्याची नक्कलही करता येते. शिवाय आजकालचे फोन प्रत्येक नेटवर्कसाठी स्वतःच वेगळा पत्ता वापरतात. म्हणजे चोर आत आणि दिवाळीला आलेला भाचा बाहेर.

भाच्यासाठी 'गेस्ट नेटवर्क' असतं. ते चालू करा, आणि पाहुण्यांइतकंच टीव्ही, बल्ब, गीझरचा स्मार्ट प्लग, कॅमेरा, सगळ्यांना त्यात हाकला. बहुतेक राउटरांत गेस्टवरच्या यंत्राला घरातला लॅपटॉप दिसत नाही. स्वस्तातल्या बल्बला तीन वर्षांनी अपडेट कोण देणार आहे? त्याला तुमच्या फोटोंच्या शेजारी बसवायचं कारण नाही.

आता कॅमेरावाला. आमच्याकडे कॅमेऱ्यांची लाट आली ती परदेशातल्या मुलांमुळे. मुलगा न्यू जर्सीला, आई इथे एकटी. तो रजेवर येतो, तीन-चार कॅमेरे बसवून जातो आणि तिथून बघतो, आईने गॅस बंद केला का, बाई वेळेवर आली का. हेतू चांगलाच. बसवायला येतो स्टेशनजवळचा माणूस, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) लावतो, 'ॲडमिन' आणि 'एक-दोन-तीन-चार-पाच' ठेवतो, परदेशातून दिसावं म्हणून राउटरमधून एक वाट थेट बाहेर उघडून देतो आणि पैसे घेऊन जातो.

त्या वाटेने फक्त मुलगाच येईल असं कोणी सांगितलं? शोडान नावाचं एक शोधयंत्र २००९ पासून चालू आहे, ते वेबसाइट शोधत नाही, इंटरनेटला उघडी असलेली यंत्रं शोधतं: कॅमेरे, डीव्हीआर, राउटर. कोणी तुमच्या आईच्या फ्लॅटवर डोळा ठेवून बसलेलं नसतं. यंत्रं सगळे पत्ते ओळीने ठोठावत जातात. २०१६ मध्ये 'मिराई' नावाचा जो किडा पसरला, त्याच्याकडे शस्त्र म्हणजे कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी, बाकी विशेष काही नव्हतं. त्या जोरावर त्याने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या डीएनएस कंपनीवर त्यांच्याकडून मागण्यांचा असा मारा झाला, की अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास धड चालेनात. मिराई लिहिणारे कोण निघाले, तर विशीतली तीन पोरं. माइनक्राफ्ट खेळाच्या सर्व्हरांच्या धंद्यातून हे सुरू झालं होतं.

कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला, की मिराई जातो, कारण तो नुसत्या मेमरीत राहतो. पण पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात परत येतो. म्हणून आधी पासवर्ड, मग रीस्टार्ट. राउटरमधली 'पोर्ट फॉरवर्डिंग'ची, म्हणजे बाहेर उघडलेल्या वाटांची, यादी रिकामी करायची आणि 'यूपीएनपी' बंद करायचं, कारण ते चालू असलं की आतलं कुठलंही यंत्र न विचारता स्वतःसाठी वाट उघडून घेतं. मुलांचा ऑनलाइन गेम कुरकुरला तर कुरकुरू दे. बाहेरून बघायचंच असेल तर कंपनीच्या ॲपमधून, तेही खात्याला ओटीपीसारखी दुसरी पायरी लावून.

आणि माझं स्पष्ट मत, विचारलं नसताना: झोपायच्या खोलीत कॅमेरा नको. एका काकूंनी त्यावर टॉवेल टाकून ठेवला होता. मुलाचा फोन आला, 'आई, कॅमेरा बंद पडलाय का?' काकू म्हणाल्या, 'तो बंद नाही पडला रे, मी त्याला झाकलाय.' मी तो काढून आणला, मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलले, त्याला पटलं. पासवर्डांनी सुटणारा प्रश्नच नव्हता तो.

तिसरा, कॉम्प्युटरवाला. याचं कसब वेगळं. पाचशे रुपयांत विंडोज टाकून देतो, ऑफिस टाकून देतो, मराठी टायपिंगचं क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेलं, सॉफ्टवेअर टाकून देतो. क्रॅक चालावं म्हणून विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस बंद करतो आणि तो पुन्हा चालू करायला विसरतो, किंवा विसरत नाही. जाताना लांबून कॉम्प्युटर हाताळायचं ॲप कायमच्या पासवर्डसह ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी यायला नको. अशा ॲपच्या आधारे लोकांच्या खात्यातून पैसे काढले जातात म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं. ती बातमी आपण सगळे वाचतो आणि आपल्याच डेस्कटॉपच्या कोपऱ्यातल्या त्या ॲपच्या लाल चौकोनाकडे बघत नाही.

खंडणी मागणारे व्हायरस घरात शिरायची ठरलेली वाट क्रॅकची. 'स्टॉप' नावाच्या कुळातल्या व्हायरसांनी घरगुती कॉम्प्युटर याच मार्गाने गाठले. डीटीपी करणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका बाईंच्या लग्नपत्रिकांच्या सगळ्या फायली एका सकाळी नावांना विचित्र शेपट्या लावून, कुलूपबंद होऊन बसल्या होत्या. त्या वाचल्या नाहीत. हार्ड डिस्कवर बॅकअप होता, पण ती डिस्क कायम कॉम्प्युटरलाच लावलेली असायची, तिच्यावरच्या फायलींनाही शेपट्या. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवायची असते.

अपडेटबद्दल लोक हसतात, 'काय रोज अपडेट'. वॉनाक्राय हा असाच खंडणीचा व्हायरस १२ मे २०१७ ला जगभर पसरला. ज्या भोकातून तो आला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. जून २०१७ च्या शेवटी नॉटपेट्या आला, तोही इतर वाटांबरोबर तेच भोक वापरणारा. तो युक्रेनच्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला आणि पोचला कुठे, तर आमच्या उरणच्या बाजूला: मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. अपडेट न घेतलेलं यंत्र आणि न्हावाशेवाचे कंटेनर यांचा संबंध असतो, हे तेव्हा इथल्या वाहतूकवाल्यांना कळलं.

विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ जुन्या यंत्रावर चढत नाही, आणि काकांना फक्त बँक, मेल आणि सुडोकू लागतं. अशा यंत्रांवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकते. पहिला आठवडा कुरकुर, नंतर कोणी विचारतही नाही. विंडोजच ठेवायचं असेल तर रोजच्या वापराला साधं खातं करा आणि ॲडमिनचं खातं वेगळं ठेवा. मग काही बसवताना पासवर्ड विचारला जातो आणि तेवढ्या एका क्षणात माणूस थबकतो. नातवाने डाउनलोड केलेल्या फुकट गेमच्या बाबतीत तो क्षण फार मोलाचा.

एवढं करूनही शंका येत असेल तर राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, ती बघा. आणि घाबरू नका. एका घरी 'एस्प्रेसिफ' नावाचं कोणीतरी रात्रंदिवस जोडलेलं दिसलं. घरातले म्हणाले, चिनी हॅकर. एस्प्रेसिफ ही शांघायची चिप बनवणारी कंपनी हे खरं, पण ती चिप त्यांच्याच गीझरच्या प्लगमध्ये होती. यादीतलं एकेक यंत्र बंद करून कोण गायब होतं ते बघितलं की ओळख पटते. शेवटपर्यंत ओळख पटली नाही, तर वायफायचा पासवर्ड बदला. खरा पाहुणा दार वाजवेल. राउटरच्याच सेटिंग बदललेल्या दिसल्या, तर मागच्या बारीक भोकात टाचणी घालून तो मूळपदावर आणा आणि सगळं नव्याने लावा. कॉम्प्युटरमध्ये काही घुसल्याचा संशय असेल तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची साधनं फुकट मिळतात. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बाकी शोध नंतर.

आता उरलाय तो आमच्याच सोसायटीचा डीव्हीआर. गेटवर, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये मिळून सोळा कॅमेरे, आणि पासवर्ड फक्त आधीच्या सेक्रेटरींना माहीत. ते आता बडोद्याला मुलीकडे असतात आणि फोनवर सांगतात, 'अहो मॅडम, सोपा होता, तुम्हीच करून बघा.' मी करून बघितलं नाही, कमिटीने लेखी परवानगी दिल्याशिवाय बघणारही नाही. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय सातवा आहे, गच्चीचं लीकेज आणि पाहुण्यांच्या पार्किंगनंतर.